सात पिनांचं कुलूप

मुंगीच्या टेबलाच्या खणाचं कुलूप उघडायला काकाला चाळीस मिनिटं लागली. आत एक वही निघाली. ती सगळ्यांनी मिळून वाचण्यात तासभर गेला, आणि त्यानंतर घरातलं एकही माणूस दुसऱ्याशी धड बोलेना.

बुधवार होता, दुकानाची सुट्टी. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि आतल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. वर राहायची जागा चांगली ऐसपैस होती, पण या घरात महत्त्वाचं काही ठरायचं ते खाली दुकानातच, कानशी, पकडी आणि कोऱ्या किल्ल्यांच्या पसाऱ्यात. काकाचं लग्न इथेच ठरलं. मुंगीनं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसायचं हे इथेच ठरलं, आणि गेल्या वर्षी थोडक्यात हुकल्यावर पुन्हा बसायचं, तेही. मुंगी दोन्ही वेळा हजर होती, एवढंच. तिला कोणी काही विचारल्याचं आईला आता आठवत नव्हतं.

आई किल्ल्या कापायच्या मशीनजवळ बसली होती, कारण रोजची तिची जागा तीच. तिचं डोकं ठणकायला लागलं होतं आणि ते बोलून दाखवायची सोय राहिली नव्हती. वहीच्या सातव्या पानावर लिहिलं होतं, ‘आईला सगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती आजारी पडते.’ काकू मोठ्यानं वाचत होती, ती या पानाशी अडखळली आणि म्हणाली, “हे ताई, तुम्हीच वाचा.” एवढा समजूतदारपणा तिनं दाखवला, तर आईला तिचाच राग आला.

बाकीच्यांची पानं मात्र जाहीर वाचून झाली होती. ‘अण्णा गिऱ्हाइकांना माझी ओळख आमच्या डॉक्टरीणबाई अशी करून देतात. मी अजून कुठेही पोचलेले नाही.’ ‘बाबा काही बोलत नाहीत. मार्क कमी आले की हातातली किल्ली जास्त जोरात घासतात.’ ‘काका आधी हसवतो आणि मग विचारतो, किती पडले?’ काकूच्या वाट्याला आलं होतं, ‘एकटी काकूच कधी विचारत नाही.’ हे वाचताना काकूचा चेहरा खुलला होता. पुढची ओळ वाचल्यावर तो पडला. ‘बहुतेक तिला माझं काही पडलेलंच नाही.’

पोरीचं दुःख होतं त्या वहीत, आणि जो तो त्यात आपलं नाव शोधत बसला होता. मुंगीचे आजोबा, अण्णा, तर चष्मा पुसून पुसून शोधत होते. सापडल्यावर त्यांनी वही मिटली आणि न्यायाधीशासारखी समोर ठेवली.

“ही सगळी त्या बाईची करणी आहे,” ते म्हणाले.

ती बाई म्हणजे चपलांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर बसणारी समुपदेशक. दर बुधवारी पाच वाजता मुंगी फिजिक्सच्या जादा क्लासला जाते, असं चार महिने सगळे समजत होते. वहीवरून कळलं की ती तिथे जाते. दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि पन्नास मिनिटं. ‘तिथून आल्यावर रात्री झोप लागते,’ असंही लिहिलं होतं, पण ते कोणाच्या नावाखाली नव्हतं, त्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

“घरातलं बाहेर जाऊन सांगायचं,” अण्णा म्हणाले. “आणि घरात खणाला कुलूप. या घरात.”

या घरात आतल्या कुठल्याच कपाटाला, दाराला, डब्याला कुलूप नव्हतं. अण्णांचा तसा नियमच होता. दिवसभर लोकांची कुलपं बघायची, घरात आल्यावर तरी ती दिसू नयेत. गेल्या आठवड्यात केर काढताना आईला मुंगीच्या खणावर ते छोटं पितळी कुलूप दिसलं आणि तिचा जीव उडाला. तीन दिवस तिनं कळ काढली. चौथ्या दिवशी, म्हणजे आज, मुंगी लायब्ररीत गेल्यावर तिनं काकाला गाठलं आणि म्हणाली, “भाऊजी, जरा वर येता का?”

पण ही गोष्ट टेबलावर आलेलीच नव्हती. सगळे जमले तेव्हा काकानंच सांगून टाकलं, “मी उघडलं. कुलूप दिसलं, हात शिवशिवले.” त्यानं वहिनीकडे बघितलंही नाही. आईनं त्याला ते बोलू दिलं, आणि तेव्हापासून तिला खुर्चीत नीट बसता येत नव्हतं.

सव्वाचारला मुंगी शटरखालून वाकून आत आली. तिनं पाचजणांची तोंडं बघितली, मग टेबलावरची वही, मग वहीशेजारी पडलेलं उघडं कुलूप. तिनं वहीला हात लावला नाही. कुलूप उचललं आणि दिव्याखाली धरलं.

“कोणी उघडलं?”

“मी,” काका म्हणाला.

“किती वेळ?”

“चाळीस मिनिटं.” काकाला राहवलं नाही. “वीस वर्षांत एवढा घाम कुठल्या कुलपानं काढला नाही. पाच पिनांचं कुलूप, तू सात केल्यास. आणि ती सहावी, ती काय केलीस गं?”

“मधून घासून बारीक केली. तार लागली की उघडल्यासारखं वाटतं, पण उघडत नाही.”

“तेच म्हटलं. तीनदा फसलो.”

“कानस पुसून ठेव,” बाबा पुटपुटले. “कोण वापरून तशीच ठेवतं, कळतच नव्हतं.”

क्षणभर असं वाटलं की आता चहा होईल आणि विषय पिनांवरच निघून जाईल. आईला तसं व्हावंसं फार वाटलं. पण मुंगीनं कुलूप खाली ठेवलं.

“काका, खट् आवाज आल्यावर पाठ केलीस का?”

काकानं अण्णांकडे बघितलं.

हा प्रश्न या घराबाहेर कोणाला कळला नसता. अण्णांच्या वडिलांनी धंदा सुरू केला तेव्हापासूनचा दंडक होता तो. लोक पेट्या, तिजोऱ्या, कपाटं घेऊन यायचे. कुलूप उघडून द्यायचं, खट् असा आवाज झाला की हत्यार खाली ठेवायचं आणि पाठ करून उभं राहायचं. झाकण मालकानं उघडायचं. आत काय आहे ते आपण बघायचं नाही, दिसलं तर बोलायचं नाही. काका चौदा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाच्या पेटीत डोकावला होता, तर अण्णांनी महिनाभर त्याला हत्यारांना शिवू दिलं नव्हतं. ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मुंगीला ती तोंडपाठ होती.

“तो नियम गिऱ्हाइकांसाठी आहे,” अण्णा म्हणाले.

“का?”

“का म्हणजे? परक्याचा माल असतो.”

“म्हणजे परक्याची पेटी आपल्या दुकानात सुरक्षित, आणि माझी वही माझ्या खोलीत नाही.” मुंगीचा आवाज चढला नव्हता. “मी ही वही घेऊन गिऱ्हाईक म्हणून आले असते तर बरं झालं असतं. पाच जणांनी पाठ केली असती.”

“जास्त शहाणपणा नको,” अण्णा म्हणाले. “आम्ही तुझ्या भल्यासाठीच वाचलं.”

“कुठपर्यंत वाचलंत?”

अण्णांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

“आपापली पानं वाचलीत ना? काकू, तुझ्याबद्दलचं पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं. पुढे ते बदलून मी दुसरं लिहिलंय, ते वाचलंस?”

काकूनं नाही अशी मान हलवली. ती पालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, सहसा कोणापुढे दबायची नाही, पण आता तिचे कान लाल झाले.

“पाचला मला जायचंय,” मुंगी म्हणाली. “साडेचारला निघणार.”

“जायचं नाही,” अण्णा म्हणाले. “आज नाही, पुढच्या बुधवारीही नाही. परीक्षेला नऊ आठवडे राहिलेत. त्या बाईनं तुझ्या डोक्यात भरवलंय की परीक्षा नको. इथे लिहिलंय तू, ‘या वर्षी बसायचं नाही.’ तुझं डोकं आहे ते? आमची मुंगी लहानपणापासून आपल्यापेक्षा मोठं ओझं ओढणारी. ती असं लिहील?”

“मीच लिहिलंय. तिनं एकदाही सांगितलं नाही, बस किंवा बसू नको. चार महिन्यांत एकदाही नाही. तुम्हाला माहितेय ती काय करते? विचारते आणि गप्प बसते. मला उत्तर सापडेपर्यंत गप्प बसते. आपल्या घरात मी अजून असा माणूस बघितलेला नाही.”

काकूला हसू आलं. तिनं ते खोकल्यात दडवलं.

बाबांनी आतापर्यंत वर बघितलं नव्हतं. त्यांनी वही पुढ्यात ओढून एक पान अंगठ्यानं धरलं होतं, स्वतःच्या नावाचं नव्हे, दुसरंच. “अडीच तास?” ते म्हणाले.

मुंगीनं त्यांच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा ती जरा डगमगली.

ते पान आईनंही वाचलं होतं. गेल्या वर्षीच्या परीक्षेचं. ‘हात चाललाच नाही. प्रश्न कळत होते. अडीच तास मी पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत होते.’ घरात मात्र सगळे वर्षभर म्हणत होते, थोडक्यात गेलं, नशीबच नाही, यंदा नक्की. मार्कही तिनंच तोंडी सांगितले होते, थोडक्यात काहीच गेलं नव्हतं. पोर कोरा पेपर देऊन आली होती आणि घरी येऊन वरणभात जेवली होती.

“बाहेर आल्यावर तू म्हणालीस, सोपा होता,” बाबा म्हणाले.

“तुम्ही फाटकाशी उन्हात उभे होता. दुकान बंद ठेवून आला होता. बुधवार नसताना. काय सांगणार होते मी?”

बाबांनी पान सोडलं. बोलणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं. ते दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. आईला त्यांची दया आली, स्वतःची आली, आणि या सगळ्यात आपण गप्प आहोत याची लाज वाटली.

“मुंगे, तू दुकानात ये,” काका मध्येच म्हणाला. त्याला वाटलं हा तोडगा आहे. “सात पिना बसवणारी पोरगी. परीक्षा गेली उडत. आपण पाटी बदलू.”

“मला तेही नको, काका.”

“मग काय हवंय?”

“मला अजून माहीत नाही. ते माहीत नसायची मला परवानगी हवीय.”

“अठराव्या वर्षी माहीत नाही,” अण्णा म्हणाले. “मी अठराव्या वर्षी दोन माणसांना पगार देत होतो. आमच्या वेळी कोणाचा हात थांबत नव्हता. थांबवायला वेळ कुठे होता? सगळ्यांनी मिळून इतकं केलं, क्लास, पुस्तकं, वेगळी खोली, आणि हिला दुःख. कशाचं?”

“अण्णा,” काकू म्हणाली, “पाण्यात कोणी गटांगळ्या खात असलं तर मी त्याला हात कसे मारायचे ते शिकवत नाही. आधी काठाला आणते. मग बघू, पोहायचंय का घरी जायचंय.”

“तू तिच्या बाजूला गेलीस? तुला काही पडलेलं नाही असं लिहिलंय तिनं.”

“लिहिलंय. मला लागलंही. म्हणून काय तिला बुडू देऊ?”

अण्णांनी काकाकडे बघितलं. बायकोला आवर, असा त्या बघण्याचा अर्थ. काकानं कुलूप हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणाला, “अण्णा, मी पाठ करायला हवी होती. ते तिचं बरोबर आहे.”

“तू उघडलंसच कशाला मुळात?”

काकानं पुन्हा कुलूप फिरवलं. दिव्याची पट्टी भुणभुणत होती. आईला कळलं की आता आपण बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

“मी सांगितलं त्यांना,” ती म्हणाली. “भाऊजींनी आपणहून नाही उघडलं. मी वर बोलावलं. शेजारी उभी राहिले. चाळीस मिनिटं दिवा धरला.”

तिनं मुंगीकडे बघितलं. मुंगीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“मला माहीत होतं,” मुंगी म्हणाली. “काकाचे गुडघे दुखतात. तो माझ्या खोलीपर्यंत आणखी एक जिना चढून कशाला येईल?”

“चुकलं माझं.”

“हो, चुकलं.”

ती ‘असू दे’ म्हणेल, निदान नजर तरी मऊ करेल, असं आईला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मुंगीनं वही उचलून पिशवीत टाकली आणि घड्याळाकडे बघितलं. चार सत्तावीस.

“एक गोष्ट ऐक,” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी ठेवणीतला आवाज काढला. त्या आवाजापुढे या टेबलावर आजवर कोणी टिकलं नव्हतं. “आज तू त्या बाईकडे गेलीस, तर आजपासून तुझ्या अभ्यासाचं, परीक्षेचं, मार्कांचं एक अक्षर मी विचारणार नाही. संबंध संपला.”

मग काकूच्या खांद्यांना हिसका बसला, काकानं तोंड फिरवलं, आणि बाबांनीसुद्धा मान खाली घातली, ती हसू लपवायला. एवढी मोठी धमकी, पण पोरीनं चार महिने वहीत नेमकं तेच मागितलं होतं.

“आभारी आहे, अण्णा,” मुंगी म्हणाली. तिनं ते थट्टेनं म्हटलं नाही, आणि म्हणूनच अण्णांना ते जास्त लागलं.

“हिला थांबव,” ते आईला म्हणाले. “तुझी मुलगी आहे.”

आईनं लग्न झाल्यापासून या माणसाला उलट उत्तर दिलं नव्हतं. भीतीनं नव्हे, तशी वेळच आली नव्हती. आता आली, तर तिला वाटलं होतं तितकं ते कठीण नव्हतं.

“नाही थांबवणार,” ती म्हणाली. “आणि पुढच्या बुधवारी तुम्ही थांबवलंत, तर मी तिच्याबरोबर जाईन. दुकानाला सुट्टीच असते.”

अण्णा काहीतरी बोलणार होते, पण बाबा उठले आणि त्यांनी शटर पूर्ण वर केलं. त्याचा एवढा आवाज झाला की अण्णांचं बोलणं त्यातच गेलं. मुंगीला आता वाकून जावं लागलं नाही.

आई तिच्यामागे धावली. चपलेचा पट्टा लावायचाही राहिला. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी तिनं मुंगीला गाठलं.

“मी येते.”

“नको.”

“फक्त खालपर्यंत.”

मुंगीनं खांदे उडवले. दोघी शेजारी शेजारी चालल्या, शाळा सुटलेल्या मुलांच्या गर्दीतून, बँकेवरून, औषधांच्या दुकानावरून. आईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. चपलांचं दुकान आलं. शेजारून अरुंद जिना वर जात होता, भिंतीवर पाच-सहा पाट्या होत्या, दाताच्या डॉक्टरची सगळ्यात मोठी.

“आज काय बोलणार आहेस?” आईनं विचारलंच. जित्याची खोड.

“तुझ्याबद्दल बोलणार आहे.”

“काय?”

“ते सांगणार नाही.”

“मला सांगायला काय हरकत आहे? मी सुधारेन. जे काय असेल ते मला सांग, मी ऐकून घेईन, एक शब्द बोलणार नाही.”

“आई, मी सांगणार नाही. आज नाही, रात्री नाही, तुझं डोकं दुखलं तरी नाही.”

“माझी बाजू तरी सांगशील का?”

“तुझी बाजू तू सांग. तू वेगळी वेळ घे, तिच्याकडे मोठी माणसंही येतात.”

हे तोडून बोललेलं होतं आणि खरंही होतं. मुंगी जिना चढायला लागली. पहिल्या वळणापर्यंत आईला तिची पिशवी दिसली, मग पावलं ऐकू आली, मग दार. आई तिथेच उभी राहिली. वर जाऊन दाराबाहेर बसावं, असं तिला फार वाटलं. भिंती पातळ असतात अशा इमारतींच्या, कान दिला तर निम्मं कळतं. ती एक पायरी चढलीही. मग ती उतरली, चपलेचा पट्टा लावला आणि घरी निघाली. वाटेत तिला रडू आलं, ते तिनं पुसलं नाही.

दुकानात सगळे तसेच बसले होते. कोणीतरी चहा केला होता आणि तो कोणीही प्यायलं नव्हतं. आई तिच्या जागेवर जाऊन बसली.

“गेली?” बाबांनी विचारलं.

“गेली. सहाच्या सुमारास येईल. आल्यावर कोणी काही विचारायचं नाही.”

अण्णांनी संबंध संपवून तासही झाला नव्हता. ते छताकडे बघत म्हणाले, “तिथे सांगते तरी काय एवढं?”

“मला माहीत नाही.”

“तू विचारलं नाहीस?”

“विचारलं. सांगणार नाही म्हणाली.”

“आणि तू ऐकून घेतलंस? आई ना तू तिची?”

“ऐकून घेतलं,” आई म्हणाली. “अण्णा, गेल्या वर्षी तिनं मला सगळं सांगितलं होतं. सकाळी किती वाजता उठली, काय वाचलं, डब्यातलं काय उरलं, सगळं. पेपर सोपा होता, हेही सांगितलं होतं. आज सांगणार नाही म्हणाली, ते पहिल्यांदा खरं बोलली माझ्याशी. मला आता खरं चालेल.”